स्कूटरच्या स्टँडचा आवाज

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, मी ३८ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते. माहेर सांगली जिल्ह्यातलं. वडील शिक्षक, गावात मोठा मान. घरात मात्र कधी काय बिनसेल याचा नेम नसे. कधी पट्टा, कधी हात, कधी नुसतं तीन-तीन दिवस न बोलणं. आई बघायची आणि भाजी परतत राहायची. वडील कोपऱ्यावरच स्कूटर बंद करून उतारावरून आणायचे, त्यामुळे घरात आवाज यायचा तो एकदम स्टँडचाच. तसा ‘खट्’ आजही सोसायटीत कुणाच्या गाडीचा ऐकू आला की माझे हात गार पडतात. तसं माझ्या बाबतीत काही मोठं घडलेलं नाही. मग मी अशी का? सात महिने थेरपी घेतली. दर बुधवारी, पंधराशे रुपये. बाई झोप, श्वास, पाय जमिनीवर टेकवा, यापलीकडे जाईनात. वडिलांविषयी फारसं विचारायच्याही नाहीत. मग त्या तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. आधी सांगून गेल्या होत्या, तरी मला इतकं तुटल्यासारखं झालं की त्या परत आल्यावर मी गेलेच नाही. गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातून काचेचा ग्लास फुटला. मी तोंड उघडायच्या आत ती ‘सॉरी सॉरी’ म्हणत फ्रॉकनं फरशी पुसायला लागली. काचांवरून. त्या रात्री वाटलं, सकाळी उठूच नये. वडील आता ७४ वर्षांचे आहेत, कंपवातानं थकलेत. नातीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगतात. आई म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं. मी त्यांना माफ करायला हवं का? आणि थेरपीचा खरंच उपयोग होतो का?

– एक वाचक, पुणे

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी सगळ्यात आधी घेते. त्या रात्री वाटलं, सकाळी उठूच नये. हा विचार त्या रात्रीपुरता होता की अजूनही येऊन जातो? जीव संपवावा, त्यासाठी काही करावं, असं मनात येतं का? मी हे सरळ विचारते, कारण विचारल्यानं असा विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचणं राहू द्या. नवऱ्याला आत्ता सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. उत्तर ‘नाही, तेवढ्यापुरतंच होतं’ असं असेल, तरी हे वाक्य एका तरी माणसाला मोठ्यानं सांगा.

आता तुमचं ‘काही मोठं घडलेलं नाही’. पंचवीस वर्षं मी हे काम करते आहे. हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं, ती माणसं बहुतेक तुमच्यासारख्याच घरांतून आलेली. अपघात झाला, घर जळालं, तर माणसाला तारीख सांगता येते. त्या दिवसाआधी मी धड होते, नंतर बिघडले, असं म्हणता येतं. तुमच्याकडे तारीखच नाही. आठ-दहा वर्षं रोज संध्याकाळी आज काय होणार हे ठाऊक नसणं, याला तारीख कुठून असणार? आणि ‘आधीची मी’ अशीही कुणी नाही, जिच्याशी ताडून पाहावं.

स्टँडच्या आवाजाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, मी तिथे बराच वेळ थांबले. इंजिनाचा आवाज येत असता तर कोपऱ्यापासून दारापर्यंत तुम्हाला अर्धं मिनिट मिळालं असतं. पसारा आवरायला, टीव्ही बंद करायला, चेहरा नीट करायला. ते अर्धं मिनिट तुम्हाला कधीच मिळालं नाही. मग त्या मुलीनं काय केलं? शाळा सुटायच्या वेळेपासूनच कान टवकारून बसायला ती शिकली. स्टँड एका झटक्यात लागला की दोनदा घासत, यावरून संध्याकाळ कशी जाणार हे तिला कळत असेल, तर मला मुळीच नवल वाटणार नाही. दारातल्या चपलांच्या आवाजावरून, कपबशी कशी ठेवली यावरून बापाचा मूड अचूक ओळखणारी माणसं माझ्याकडे येतात. ही हुशारी आहे, तिनं तुम्हाला त्या घरात जगवलं. पण ते घर सोडून वीस वर्षं झाली, ही बातमी अजून शरीरापर्यंत पोचलेली नाही.

हात गार का पडतात, तेही सांगते. मेंदूत आत खोलवर बदामाच्या आकाराचे दोन छोटे भाग असतात, त्यांना अमिग्डाला म्हणतात. धोक्याची घंटा वाजवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो, आणि ती वाजते तेव्हा विचार करणाऱ्या मेंदूला विचारत बसायला वेळ नसतो. हातापायांच्या कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पळता यावं, लढता यावं म्हणून. आठ वर्षांच्या मुलीला बापाशी लढता येत नाही, पळून जाता येत नाही. मग उरतं थिजून जाणं, नाहीतर समोरच्याला कसंही करून शांत ठेवणं. मोठी झाल्यावर हीच मुलगी ऑफिसात दुसऱ्याच्या चुकीचीही माफी मागते, आणि लोक म्हणतात, किती समंजस आहे.

याला नाव मिळायला फार वेळ लागला. आघातानंतरच्या विकाराला, ज्याला सगळे पीटीएसडी म्हणतात, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये अधिकृत यादीत घेतलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा त्यामागे मोठा रेटा होता, त्यामुळे डोळ्यांसमोर चित्र होतं ते युद्धाचं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्या बायकांना भेटत होत्या, त्यांचं युद्ध घरातच झालेलं होतं. जिथून सुटका नाही अशा जागी माणसाला दीर्घकाळ राहावं लागलं तर होणारी इजा वेगळी असते, हे त्यांनी १९९२ मध्ये मांडलं. युद्धकैदी, छळछावणीतून वाचलेली माणसं, मार खाणारी बायको आणि घरात मार खाणारं मूल यांना त्यांनी एकत्र पाहिलं. मूल तर सगळ्यात अडकलेलं. ज्याची भीती वाटते त्याच्याच पंक्तीला बसून जेवायचं, आणि ताप आला की कपाळावर हातही त्याचाच हवासा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडीला, म्हणजे जटिल आघाताच्या विकाराला, स्वतंत्र जागा आहे. जुनं ते आत्ताच घडतंय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि धोका सतत उंबरठ्यावर असल्यासारखं राहणं ही पीटीएसडीची लक्षणं यात असतातच. शिवाय भावनांचा तोल राहत नाही, आपण कवडीमोल आहोत हे आत रुतून बसतं, आणि माणसांच्या जवळ राहणं जड जातं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या त्या अधिकृत यादीत हा वेगळा विकार म्हणून घेतलेला नाही, म्हणून नेटवर वाचताना गोंधळ होतो. तुम्हाला हेच झालंय असं मी पत्रावरून सांगणार नाही, ते समोर बसूनच ठरतं. पण तुमच्या थेरपिस्ट ज्या वाटेनं चालल्या होत्या ती पाहता, त्यांच्या मनात हेच असावं.

ती वाट तुम्हाला संथ वाटली, आणि पंधराशे रुपये मोजून ‘पाय जमिनीवर टेकवा’ ऐकताना राग येणं मला समजतं. मी तुम्हाला माझी एक चूक सांगते. अगदी सुरुवातीच्या काळात एक बाई माझ्याकडे आल्या. पहिल्याच भेटीत त्या बोलायला लागल्या आणि मी त्यांना बोलू दिलं, उलट खोदून खोदून विचारलं. दोन तास. त्या रडल्या, मला वाटलं मोकळ्या झाल्या. त्यानंतर त्या चार रात्री झोपल्या नाहीत, कामावर जाता आलं नाही, आणि माझ्याकडे परत आल्या नाहीत. हे मला पुढे त्यांनीच एका चिठ्ठीत कळवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘तुम्ही दार उघडलंत आणि वेळ संपली म्हणालात.’ ते वाक्य मी विसरलेले नाही.

विहिरीचा गाळ काढायला माणूस खाली उतरतो, तेव्हा आधी दोर तपासतात, वर दोघं-तिघं उभे करतात. तुमचे सात महिने दोर वळण्यात गेले. हर्मन यांनी उपचाराचे जे तीन टप्पे सांगितले, त्यात पहिला सुरक्षिततेचा आहे. झोप लागणं, अंगावर आलेली लाट ओसरू देता येणं, आज मी कुठे आहे हे भीतीतही आठवणं. दुसऱ्यात जे घडलं ते आठवून त्याचा शोक करायचा, तिसऱ्यात पुन्हा माणसांत आणि आयुष्यात यायचं. कागदावर हे एक-दोन-तीन दिसतं, खोलीत मात्र माणूस पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पहिल्यापाशी बसतो.

पाय टेकवण्याचं तुम्ही करून पाहिलंत, त्यात एक भर घाला. तुमच्या घराची किल्ली पर्समध्ये असेल. ‘खट्’ ऐकू आला की ती हातात घ्या. तिचे दाते बोटांना लागू द्या, आणि मनात म्हणा की हे माझं घर आहे, याचं दार मी उघडते, मी ३८ वर्षांची आहे. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोडा. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात, हे तुम्हाला तुमच्याच नाडीवर बोट ठेवून पाहता येईल. किल्ली अशासाठी, की त्या आठ वर्षांच्या मुलीजवळ ती नव्हती. शरीराला युक्तिवाद कळत नाही, धातूचा गारवा कळतो.

वडिलांविषयी त्यांनी फारसं विचारलं नाही, यालाही एक चांगलं कारण असू शकतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात काही थेरपिस्टांनी ‘आठवा, आठवा, नक्की काहीतरी झालं असणार’ म्हणत लोकांच्या मनात न घडलेल्या आठवणीही रुजवल्या, आणि त्यावरून कोर्टकचेऱ्यांपर्यंत मोठा वाद झाला. जबाबदार थेरपिस्ट तेव्हापासून सावध असतो. आठवण तुमच्याकडून यायला हवी.

तरीही एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगायला हवी. ही तयारी किती काळ चालावी, यावर आमच्यातच मतभेद आहेत. काही तज्ज्ञ म्हणतात की पुष्कळ लोकांना इतकी लांब तयारी लागत नाही, आणि ‘तुम्ही अजून तयार नाही’ असं सारखं ऐकून माणूस स्वतःला आणखी नाजूक समजू लागतो. मला यात तथ्य वाटतं. सात महिन्यांनंतर ‘आपण मूळ गोष्टीकडे कधी वळणार, आणि ती वेळ आली हे कशावरून ठरवणार?’ असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मूळ गोष्टीवर काम करण्याच्या पद्धतीही आहेत. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार (सीबीटी) आहेत, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली ईएमडीआर ही पद्धत आहे. तिच्यात आठवण मनात धरून डोळे डावीकडून उजवीकडे फिरवत नेतात. पीटीएसडीसाठी या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये केली. आपल्याकडे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि ती मलाही मोलाची वाटते. पण तुमच्यासारख्या माणसाला पहिल्याच महिन्यात ‘तुमचा हा विचार अविवेकी आहे’ म्हटलं, तर त्याला त्यात बापाचाच आवाज ऐकू येतो. आधी नातं, मग वाद. झोप पार उडाली असेल, दिवस ढकलले जात नसतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडून गोळ्या घेण्यातही काही वावगं नाही.

आता सुट्टीचं. मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग तो वाटतो.

वडील तीन-तीन दिवस बोलायचे नाहीत. थेरपिस्ट तीन आठवडे बोलल्या नाहीत. त्या सांगून गेल्या होत्या, कारण होतं, परत यायची तारीख होती, हे सगळं तुम्हाला माहीत होतं, आणि तरीही तुटलं. कारण अबोल्याचा अर्थ तुम्ही लहानपणीच पाठ केला आहे. माझं काहीतरी चुकलं, आणि हे माणूस परत माझं होईल की नाही याची खात्री नाही. मग त्या सोडतील त्याआधी तुम्हीच सोडलंत. त्या घरात तुम्हाला हे कधी करता आलं नसतं, म्हणून मी याला दोष देत नाही. पण पाहा, सात महिने वडिलांविषयी फारसं बोलणं झालं नाही म्हणता, आणि वडील चालत येऊन त्या खोलीत बसले. तुमच्यासारख्या माणसाची थेरपी पुष्कळदा अशाच जागी येऊन मोडते, आणि तिथूनच परत जोडता येते.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. आई तान्ह्या बाळाशी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ हसतं, हात पुढे करतं, हुंकार देतं, आणि काहीच परत येत नाही असं दिसल्यावर कोलमडतं. मग आई पुन्हा पहिल्यासारखी होते, आणि दोघं हळूहळू परत जुळतात. ट्रॉनिक यांच्या कामातून दिसलं ते हे की चांगल्या आई-बाळातही ताल सारखा चुकत असतो. मूल शिकतं ते चुकलेलं परत जुळतं, यावरून. तुमच्या घरात चुकायचं रोज, जुळवून कुणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी वडील एकदम ‘चहा टाक’ म्हणायचे आणि सगळ्यांनी काही झालंच नाही असं वागायचं, असंच असायचं ना?

म्हणून माझा सल्ला: परत जा, त्यांच्याकडेच. जाऊन म्हणा की तुम्ही सुट्टीवर गेलात तेव्हा मला तुमचा राग आला, आणि राग आला म्हणून भीती वाटली. त्या हे ऐकून घेतील, रागावणार नाहीत, स्वतःची बाजू मांडत बसणार नाहीत, तर तुमच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा असं होईल की तुम्ही एखाद्यावर रागावलात आणि ते माणूस समोरच बसून राहिलं. ती दहा मिनिटं सात महिन्यांपेक्षा मोलाची ठरू शकतात. त्या दुखावल्या, तुम्हालाच अपराधी वाटायला लावलं, किंवा आधी वडिलांना माफ करा म्हणाल्या, तर खुशाल दुसरीकडे जा. नवीन कुणी शोधताना शिक्षण विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असायला हवी. आणि महिन्याचे सहा हजार झेपत नसतील तर तसं सांगा. फी कमी करायला, पंधरा दिवसांतून एकदा भेटायला पुष्कळ जण तयार असतात.

माफीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. माफ करणं हा उपचाराचा टप्पा नाही. कुणाला वाटेत कुठेतरी ते जमतं, कुणाला कधीच नाही, आणि दोघंही बरी होतात. झालं गेलं गंगेला मिळालं, हे आई म्हणतात. पण गंगेला मिळायला ते आधी वाहून तरी जायला हवं. तुमचं तर अजून रोज संध्याकाळी दारात येतं. नातीच्या केसांवरून फिरणारा तो थरथरता हात पाहून तुम्हाला गलबलतं आणि चीडही येते, असं मला तुमच्या ओळींवरून वाटलं. त्यांना मायेनं वागता येत होतं, हे आता दिसतं, म्हणून ते जास्त लागतं. याला शोक म्हणतात, आणि तो जिवंत माणसाचाही करावा लागतो. वडिलांची औषधं आणा, त्यांना डॉक्टरकडे न्या, ते तुमच्या मनाला पटतं तेवढं करा. सेवा करणाऱ्या मुलीला रागवायचा हक्क उरत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यांच्यापुढे सगळं काढायची मात्र घाई नको, निदान थेरपी पुन्हा नीट सुरू होईपर्यंत तरी. आणि एक सांगून ठेवते, पुढे कधीतरी वडिलांपेक्षा आईचा राग जास्त येईल. भाजी परतत राहिलेल्या हाताचा. तेव्हा घाबरू नका, बहुतेकांना येतो.

राहिली तुमची लेक. तिनं फरशी पुसली म्हणजे तुम्ही वडिलांसारख्या झालात, असं त्या रात्री तुमच्या मनात आलं असणार. मी तसं मानत नाही. मुलं मारातून जितकं शिकतात तितकंच पाहून शिकतात, आणि तिनं दिवसातून दहा वेळा ‘सॉरी’ म्हणणारी आई पाहिली असेल. महिना उलटला तरी उशीर झालेला नाही. तिच्या अंथरुणात बसून सांगा, ‘त्या दिवशी ग्लास फुटला ना, तेव्हा तू घाबरलीस. काच फुटते, त्यात सॉरी काय? आधी आईला हाक मारायची, काचेला हात लावायचा नाही. आणि आई पण उगाच सॉरी म्हणते, ती पण शिकतेय.’ एवढंच. ती ‘बरं’ म्हणून लगेच दुसऱ्याच विषयावर जाईल, जाऊ द्या.

बुधवारची वेळ आजच फोन करून मागून घ्या. समोर बसल्यावर तोंडून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल, तर पत्रातली दोन-तीन वाक्यं, ‘मग त्या तीन आठवडे’पासून ‘मी गेलेच नाही’पर्यंतची, कागदावर उतरवा आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. त्या वाचत असतील तेवढा वेळ किल्ली तुमच्या मुठीत असू द्या.